विंगेतले भाऊसाहेब

मला बिघडवायचा मनापासून प्रयत्न आयुष्यात एकाच माणसानं केला, आणि नेमका तोच माणूस आळशी निघाला. थोडी मेहनत घेतली असती तर आज मी कुठल्या कुठं पोचलो असतो. त्यांचं खरं नाव सांगत नाही. घरात आणि गल्लीत त्यांना भाऊसाहेब म्हणत, तेच इथं चालवतो. गप्पांच्या बैठकीत मी त्यांचे किस्से इतक्या वेळा सांगितलेत, की आमच्या मित्रमंडळींतले काही जण मी चुकलो तर दुरुस्त करतात. पण एक किस्सा मी कधी सांगितला नाही. त्यात हशा भरपूर आहे, अगदी सभागृहभर आहे. फक्त तो माझ्यावर आहे आणि त्याचं कारण मी कुणाला दिलेलं नाही.

आमचं घर निपाणीत. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. वखारीचा वास त्यांच्या सदऱ्यात, सदऱ्यातून घरात आणि घरातून आमच्या वह्यापुस्तकांत उतरलेला. नवा पाहुणा उंबऱ्यात आला की आधी शिंकायचा, मग बसायचा. आईला शिंकेवरून कळायचं की चहा टाकायला हवा. भावंडं बरीच, खोल्या कमी, त्यामुळं घरात कुणीतरी कायम रडत, भांडत किंवा पाढे म्हणत असायचं. अशा घरातून मला कॉलेजसाठी बेळगावला आत्याकडं पाठवलं. खडेबाजारच्या मागल्या गल्लीत तिचं दोन मजली घर होतं. खाली आत्या, वर तिचे धाकटे दीर म्हणजे भाऊसाहेब. आत्याचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचो, ते मी लहान असतानाच गेलेले. आत्या शाळेत मास्तरीण. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी देवापाशी दिवा, मग पेपर तपासणं. त्या घरात आवाज यायचे ते सगळे बाहेरचे. बाजारात दुकानांची शटरं वर जायची तो खडखडाट, भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक, समोरच्या शिंप्याच्या रेडिओवरच्या कानडी बातम्या. घराचा स्वतःचा आवाज एकच, फोडणीचा. तो विझला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. निपाणीला आमच्याकडंही घड्याळ होतं, पण ते वाजतं हे मला बेळगावला आल्यावर कळलं.

आत्या आणि भाऊसाहेब एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. बोलणं थांबलं होतं इतकंच. जेवण मात्र वर जायचं, एका ताटावर दुसरं ताट उपडं घालून. मी यायच्या आधी ते कामाची बाई न्यायची, मी आल्यावर ते माझ्याकडं आलं आणि ताटाबरोबर निरोपही आले. आत्या म्हणायची, "वर सांग, भाकरी गरम हाय, गार करू नका म्हणावं." मी वर जाऊन सांगायचो. भाऊसाहेब ताट उघडून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "खाली सांग, भाकरी गरम आहे हे कळलं. करणारीबद्दलही तसंच काही कळवायचं असेल तर कळवा म्हणावं." मी जिना उतरायचो आणि सांगायचो, "भाऊसाहेब म्हणाले, छान झालंय." आत्या न बघता म्हणायची, "असं न्हाय म्हणायचा तो." असे निरोप बदलत बदलतच मी पुढं नाटकात गेलो, असं माझी बायको म्हणते.

कॉलेजात मला कुणी नव्हतं. शहरातल्या मुलांचे शाळेपासूनचे घोळके होते, खेड्यातली मुलं गावागावानं एकत्र बसायची, कानडी मुलं आपापसात. माझ्या कपड्यांना तंबाखूचा वास यायचा. दोन धुण्यांत तो गेला असावा, पण शेजारचा बाक रिकामा राहिला तो राहिलाच. संध्याकाळी मी खडेबाजारात जाऊन उभा राहायचो. घ्यायचं काही नसायचं. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागायचा, कुणी तरी "सरका की वो" म्हणायचं, तेवढं बोलणं घेऊन मी घरी यायचो. आज हे सांगताना हसू येतं, पण ज्या दिवशी बाजार बंद असे तो दिवस मला फार लांब वाटायचा.

तर अशा पोराला भाऊसाहेबांनी एका संध्याकाळी ताट ठेवून परत वळताना थांबवलं आणि म्हणाले, "बसा सुधीरपंत. खाली जाऊन काय करणार? माझ्या वहिनींच्या सहवासात माणूस सुधारतो. तुमचं वय नाही ते." मला आयुष्यात कुणी पंत म्हटलं नव्हतं. आत्या सुध्या म्हणायची, आई सुध्याच म्हणायची, आणि कॉलेजात तर नावच लागत नव्हतं. मी बसलो, आणि पुढं रोज बसत गेलो.

भाऊसाहेब वेताच्या लांब खुर्चीत अर्धे आडवे असत. गोरे, जरा जाड, पांढराशुभ्र झब्बा, आणि आवाज असा की नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी त्यात काहीतरी गुपित आहे असं वाटावं. वकिलीची सनद होती, काळा कोट खुंटीला होता आणि त्यावर धूळ होती. संकेश्वरकडं उसाची जमीन होती, ती त्यांच्या वतीनं दुसरं कुणीतरी कसायचं. वकिली का सोडली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कोर्टात खोटं बोलायचे पैसे देतात. मी हौशी माणूस." असं ते बोलायचे. म्हणायचे, लाज ही शेजाऱ्यांची मालमत्ता, आपण नुसती सांभाळायला घेतलेली. म्हणायचे, प्रामाणिक माणसाची मला भीती वाटत नाही, तो काय करणार हे आधीच माहीत असतं. गल्लीतलं एकेक माणूस ते माझ्यासमोर उभं करायचे आणि दोन वाक्यांत त्याचे कपडे उतरवायचे. शिंपी, पुजारी, माझे प्राध्यापक, माझे वडील. वडिलांच्या वेळी मी क्षणभर हसलो नाही, तर ते थांबले आणि हसू येईपर्यंत माझ्याकडं प्रेमानं बघत राहिले. मग मी हसलो. खाली आत्या पेपर तपासत असायची आणि माझं हसणं तिला ऐकू जात असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षी आम्हाला इंग्रजीला एक कादंबरी होती. राणीच्या काळातली, जाडजूड. तिचं नाव सांगत नाही. ज्यांनी वाचलीय ते ओळखतील, ज्यांनी नाही त्यांचं काही अडत नाही. त्यात एक श्रीमंत गृहस्थ आहे. तो काही करत नाही. लोळतो, खातो, आणि बोलतो. पण त्याचं ते चुरचुरीत बोलणं ऐकून ऐकून एक चांगला पोरगा आतून कुजत जातो, आणि गृहस्थाच्या कपड्यांना डागसुद्धा लागत नाही. आमचे प्राध्यापक त्याचे गुण मुद्द्यांत लिहून द्यायचे. मी मात्र शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचत होतो, आणि पहिल्या पंचवीसेक पानांतच माझ्या लक्षात आलं, की अरे, हा तर आमच्या माडीवर राहतो.

मी धावत वर गेलो आणि सांगितलं. भाऊसाहेबांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. पुस्तक ठेवून घेतलं, दोन दुपारी वाचलं आणि परत देताना म्हणाले, "माणूस बरा आहे. पण ह्याच्याकडं वेळ फार. एक पोरगं बिघडवायला ह्याला अख्खं पुस्तक लागतं." मग म्हणाले, ह्याचं नाटक करू. गॅदरिंग जवळ आलं होतं, प्राध्यापकांना काहीतरी साहित्यिक हवंच होतं. भाऊसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. इंग्लंडातला गृहस्थ आमच्याकडं इनामदार झाला. इनामदार मी. गॅदरिंगला पाहुणा कलाकार चालत नाही, तेव्हा तुम्ही काय करणार, असं मी विचारलं. म्हणाले, "मी विंगेत. आयुष्यभर तिथंच आहे."

बिघडणाऱ्या पोराचं काम परशरामला मिळालं. परशराम माझ्या वर्गातला, पिरनवाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. उंच, सावळा, आणि गळा असा की मागल्या रांगेतल्या माणसानं मान वर करावी. तालमी भाऊसाहेबांच्या खोलीत व्हायच्या, त्यामुळं तो रोज घरी येऊ लागला. येताना वाळलेल्या चवळीच्या शेंगा, गूळ, कधी रताळी घेऊन यायचा आणि आत्याच्या हातात द्यायचा. आत्या त्याला चहाबरोबर खव्याचा कुंदा द्यायची, मला नुसता चहा. मला वाईट वाटत नसे, कारण मला मित्र मिळाला होता. सायकलवर डबलसीट बसून आम्ही कॉलेजला जायचो. बाजारात धक्के खायला जायची मला गरज उरली नव्हती.

परशराम नट मोठा होता, पण एक ओळ पाठ करत नसे. ही त्यांच्याकडची रीतच. आमच्या त्या भागात गावोगाव जत्रेला नाटक होतं, गावचेच लोक काम करतात. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसानं पाठांतर करायचं कधी? म्हणून विंगेत एक प्रॉम्प्टर बसतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नाटक वाचतो. नट नुसता कान मागं ठेवतो, मागून वाक्य आलं की ते भरल्या गळ्यानं पुढं म्हणतो. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, एकदा बारीक, एकदा मोठं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. परशराम लहानपणापासून या रंगमंचावर वाढलेला. पाटात पाणी सोडावं तसं वाक्य त्याच्या कानातून तोंडात यायचं, मध्ये डोक्यात थांबायचं नाही. स्वतःचं वाक्य त्याला ऐकू यायचं ते म्हणून झाल्यावर.

एकदा तालमीत त्यानंच गंमत सांगितली. त्यांच्या जत्रेत प्रॉम्प्टरचं पान चिकटलं, तो हळूच म्हणाला, जरा थांब, पान उलटतोय. "आनि आमचा चुलता राजा झालता," परशराम म्हणाला, "त्यानं तलवार उपसली आनि वरडला, जरा थांब, पान उलटतोय! आनि लोकांनी टाळ्या दिल्या की." आम्ही दोघं पोट धरून हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. ते खुर्चीत थोडे उठून बसले. त्यांना उठून बसलेलं बघायची सवय नसल्यामुळं ते माझ्या लक्षात राहिलं.

वर्गात एक मुलगी होती, तिला आपण गिरिजा म्हणू. कानडी व्यापाऱ्याची मुलगी, हुशार, मराठीही छान बोलायची. भाऊ स्कूटरवरून सोडायचा, स्कूटरवरून न्यायचा. तिच्या थोरल्या बहिणीचं नाव कुणा टवाळानं कॉलेजच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं. भिंत त्याच दिवशी पुसली, पण बहिणीचं नाव कॉलेजातून कमी झालं आणि महिना उलटायच्या आत लग्न होऊन ती हुबळीला गेली. गिरिजाला शिकायला पाठवलं ते याच बोलीवर, की नाव बाहेर ऐकू आलं की शिक्षण संपलं. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. म्हणून टवाळातला टवाळ मुलगाही तिला हाक मारताना "अहो, जरा वही" इतकंच म्हणायचा. त्या काळच्या पोरांबद्दल काय काय बोललं जातं, पण ते नाव आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं.

परशरामला ती आवडायची. तिच्याशी तो एक शब्द बोलला नव्हता, बोलणारही नव्हता. पण भाऊसाहेबांनी एका संध्याकाळी पान लावता लावता त्याला विचारलं, "प्रेमाचा प्रवेश तू असा कसा करतोस रे? कुणीतरी असल्याशिवाय हे येत नाही." त्या आवाजापुढं कुणाचं काय चालायचं? परशरामनं खाली बघत नाव सांगितलं. मग वाकून पाया पडला. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नाटकात एक जागा होती. इनामदार पोराला विचारतो, "कोण आहे ती? नाव सांग." पोरगा म्हणतो, "ते मी देवालासुद्धा सांगितलेलं नाही." हे वाक्य परशराम इतकं सुंदर म्हणायचा, की आत्या खाली पेन थांबवून ऐकायची. नाटकाच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळताना, मी चहा घेऊन वर गेलो. भाऊसाहेब खिडकीतून बाजाराकडं बघत होते.

म्हणाले, "उद्या त्या जागी मी नाव सांगणार आहे."

मी हसलो. त्यांचं वाक्य संपलं की हसायचं, ही सवय लागली होती. हसून झाल्यावर विचारलं, "कुठलं नाव?"

"तिचं. तो म्हणेल. जे येईल ते म्हणतो तो. ह्याचा बाप समोर, तिचा भाऊ समोर, सगळं कॉलेज समोर. विचार कर सुधीरपंत, अशी शांतता बेळगावात कधी झाली नसेल."

मी म्हटलं, "तिला घरी बसवतील."

"बसू दे की. बसल्यावर माणूस विचार करायला लागतो. मी बघ." मग माझ्याकडं वळले आणि फार मायेनं म्हणाले, "आणि घाबरतोस कशाला? मी काय केलं? मी विंगेत. नाव परशराम घेणार. आणि विचारणार कोण? तू."

चहा गार झाला. मला खरंच कळत नव्हतं, की हा माणूस गंमत करतोय की नाही. इतके दिवस त्यांच्याजवळ बसून मी एवढंच शिकलो होतो, की त्यांच्यात आणि गमतीत फरक नाही. प्राध्यापकांना सांगावं म्हटलं, तर सांगायचं काय? सांगायला तेच नाव घ्यावं लागणार होतं, आणि एकदा मी घेतलं की ते दुपारपर्यंत सगळीकडं जाणार होतं. काम सोडावं तर इनामदार व्हायला दुसरी पोरं टपलेलीच होती, आणि त्यांना तर काही ठाऊकही नव्हतं.

सकाळी परशरामला गाठला. गाडी भरून त्याच्या गावची माणसं आली होती. त्याचे वडील फेटा बांधून पहिल्या रांगेत बसून होते, पोराचं काम शहरात पहिल्यांदाच बघायला. आत रंगपटात परशराम तोंडाला पावडर लावत होता. मी म्हटलं, "पऱ्या, त्या नावाच्या जागी तुझं तुझं म्हण. मागचं ऐकू नकोस."

"का रं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"सायेब असं करतील? माझ्या पाठीवर हात ठेवलाय त्यांनी," तो म्हणाला. "तालमीत मला टाळ्या पडत्यात ते तुला बघवंना, व्हय? लई दिसांपासनं बघतोय मी."

मी पुन्हा सांगायला गेलो तर म्हणाला, "जा, तुझा फेटा सुटलाय."

इनामदाराच्या पुढ्यात चहाचं टेबल होतं. त्यावरच्या कपबश्या आत्यानं दिल्या होत्या. मलई रंगाच्या, काठाला निळी रेघ, तिच्या लग्नातल्या. कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेल्या असायच्या, आल्यागेल्यालाही त्यांत चहा दिलेला मी पाहिला नव्हता. मी मागितल्याही नव्हत्या. त्या दिवशी सकाळी तिनं स्वतः काढून दिल्या आणि म्हणाली, "इनामदार हायेस न्हवं? स्टीलच्या पेल्यात पिऊ नकोस." स्वतः चौथ्या रांगेत येऊन बसली. भाऊसाहेब घरातून तिच्यामागून निघाले, दहा पावलं अंतर ठेवून.

नाटक चांगलं चाललं होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या वाक्यांना हशा येत होता, परशरामच्या वाक्यांना शांतता. विंगेतून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, मऊ, स्पष्ट, आणि त्याच्या मागोमाग परशरामचा. मुलींच्या रांगेत गिरिजा होती, मैत्रिणीच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. मागं दाराशी तिचा भाऊ स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभा होता, न्यायला लवकर आला असावा. ती जागा आली. आता मी विचारायचं होतं, कोण आहे ती.

मी विचारलं नाही. कप उचलला आणि चहा प्यायल्यासारखं केलं. विंगेतून आवाज आला, "कोण आहे ती? नाव सांग." मी दुसऱ्या कपातला चहा प्यालो. आवाज जरा मोठा झाला. पहिल्या रांगेला तो ऐकू गेला, कारण कुणीतरी म्हणालं, विसरलं बघ येडं. परशराम माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होता. मला वाटलं, आता भाऊसाहेब पुढच्या पानावर जातील. पण त्यांनी मला सोडून दिलं आणि सरळ त्याच्याकडं वळले. "विचारत नाहीस? मग मीच सांगतो."

आणि परशरामनं छाती भरून म्हटलं, "विचारत नाहीस? मग मीच सांगतो."

टाळ्या पडल्या. वाक्य नाटकात नव्हतंच, आणि हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"तिचं नाव," विंग म्हणाली.

"तिचं नाव," परशराम म्हणाला.

मी टेबलावर पडलो. पडलो म्हणजे उडी मारली, पण सभागृहाला दिसलं ते पडणंच. टेबल, ट्रे, किटली, आत्याच्या लग्नातल्या कपबश्या आणि त्यांच्यावर इनामदार, असा सगळा ढीग परशरामच्या पायांवर कोसळला. विंगेतून पुढचा शब्द आला, तो मी ऐकला. दुसऱ्या कुणी ऐकला नाही, कारण सगळं सभागृह हसत होतं. बाकं बडवत होतं. मी उठायला गेलो, तर फेट्याचं टोक टेबलाखाली अडकलं आणि पुन्हा पडलो, हे मात्र खरोखर. तेवढ्यात पडदा आला. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, गिरिजा ओढणीत तोंड लपवून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. परशरामचे वडील तेवढे हसत नव्हते. ते फेटा मांडीवर घेऊन बसले होते.

त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत माझं नाव कपबशी. परशराम पडद्यामागं एवढंच म्हणाला, "माझं नाटक खाल्लंस तू." सायकलवर एकटा निघून गेला आणि पुढं कधी डबलसीट विचारलं नाही. चवळीच्या शेंगा यायच्या बंद झाल्या. संध्याकाळी मी ताट घेऊन वर गेलो तर दाराला आतून कडी. आतून आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "बाहेर ठेवा, पंत. तुम्ही कंटाळवाणे निघालात." त्यानंतर ताट बाहेर ठेवायचं, रिकामं उचलायचं. आता त्या घरात बोलणं बंद असलेली माणसं तीन झाली, आणि घड्याळ पुन्हा ऐकू येऊ लागलं. मला भाऊसाहेबांची आठवण यायची. हे कुणी समजून घेणार नाही, पण डोक्यावर चालणारी त्यांची पावलं ऐकत मी खाली बसायचो आणि वाटायचं, एकदा तरी "बसा पंत" म्हणावं. म्हणाले असते तर गेलो असतो की काय, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. ते पुढं पुष्कळ वर्षं जगले. कडी शेवटपर्यंत होती. पण माझ्या अर्ध्याअधिक विनोदांचे मालक तेच आहेत. मैफलीत त्यांचं एखादं वाक्य टाकलं की लोक टाळी मागतात, आणि टाळी देताना माझा हात किंचित गार पडतो.

कपबश्यांचे तुकडे मी पिशवीत भरून आणले होते. आत्यानं ते ओट्यावर ओतले, एकेक उलटा करून बघितला. मी म्हटलं, पाय घसरला. तिनं तुकडे पुन्हा पिशवीत भरले, हात धुतले, पदराला पुसले.

मग म्हणाली, "तुझ्या काकांनाबी असंच वर बसवून घ्यायचा तो. आधी त्यांना गल्लीला हसायला शिकवलं. मग मलाच हसायला."

मी ओट्यावर उरलेला चुरा बोटानं गोळा करत होतो.

"त्यांना घसरता आलं न्हाय," ती म्हणाली, आणि पेपर तपासायला बसली. त्या रात्री जेवताना माझ्या ताटात कुंदा होता. पण ती नेहमीप्रमाणं नंतर, एकटीच जेवली.

परशराम आता बेळगावात चांगल्या नोकरीत आहे. जत्रेला अजून नाटक करतो म्हणे, आणि पाठांतर अजून करत नाही. लग्नाकार्यात भेटलो की "काय कपबशी?" म्हणतो. हसून म्हणतो, पण त्या हसण्याच्या मागं त्याचे वडील अजून फेटा मांडीवर घेऊन बसलेले असतात. सांगितलं तर त्याला पटेल, आता वय झालंय. पण मग त्याला हेही कळेल, की ती ओळ त्याच्या तोंडात आली होती. म्हणून मी राहू देतो.

मागच्या उन्हाळ्यात निपाणीला जाताना संकेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली. कँटीनमध्ये चहा घेत होतो, तर समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पिकलेले केस, जाड काठाची साडी, मागं शाळेच्या गणवेशातल्या मुलींचा घोळका, कुठल्या तरी स्पर्धेहून परत निघालेला. त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "कपबशी?"

ती गिरिजा होती. तिथल्याच एका शाळेत हेडबाई. बी.ए. झाली, मग बी.एड. केलं, मग लग्न, आणि लग्नानंतरही नोकरी सोडली नाही, हे तिनं उभ्याउभ्या सांगितलं. मग समोर बसली. मुलींना म्हणाली, "बघा गं, ह्यांच्यामुळं मी माझ्या जन्मात सगळ्यात जास्त हसलेय." मुली शहाण्यासारख्या हसल्या. मी कपाळाला हात लावून सलाम केला, इनामदारी. तिनं स्वतःसाठी चहा मागवला आणि जरा पुढं वाकून विचारलं, "खरं सांग आता. काय झालतं तुला तेव्हा?"

तीसेक वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर तयार होतं, आवाजाच्या चढउतारांसकट. तिच्या मागं त्या मुली एकमेकींना नावानं हाका मारत होत्या, मोठमोठ्यानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा.

"पाय घसरला," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

तिचा चहा आला. तिनं बशी टेबलावर ठेवली, माझ्या कोपराकडं बघितलं, आणि हसू दाबत कप हळूच माझ्यापासून लांब सरकवला.